वासाची साय

५ नोव्हेंबर

आज दोन वह्या विकत आणल्या. निळी प्रयोगशाळेसाठी. तिथल्या संशोधक सेगावाबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "होझुमीसान, कामाच्या वहीत काय केलं तेवढंच लिहायचं. काय वाटलं ते नाही." बेचाळीस वर्षं टोफूचं दुकान चालवलं, तेव्हा जे वाटे ते गिऱ्हाइकाला सांगून मोकळा व्हायचो. आता वाटलेलं ठेवायचं कुठं? म्हणून ही दुसरी, तपकिरी.

दुकान मे महिन्यात बंद केलं. सोयाबीनची पोती उचलणं गुडघ्यांना झेपेना, आणि दोघी मुलींनी आपापल्या वाटा केव्हाच धरलेल्या. मग सहा महिने घरात बसलो. बायकोचं, सुमिएचं, म्हणणं, त्यातले पाच जास्तच झाले. अशात आमचे जुने गिऱ्हाईक ओतोवा सर भेटले. ते वैद्यकीय विद्यापीठात वासाच्या मेंदूवर काम करतात. त्यांच्याकडे मेंदूचे काप करणाऱ्या बाई आईच्या आजारपणासाठी गावी निघून गेल्या होत्या.

सर म्हणाले, "ताजा मेंदू हाताला कसा लागतो माहीत आहे? तुमच्या रेशमी टोफूसारखा. या कानाझावात तुमच्याइतका टोफू दुसऱ्या कोणी कापलाय?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. चेष्टा नव्हती. सदुसष्टाव्या वर्षी नोकरी लागली. सुमिएनं डबा रुमालात बांधून हातात दिला आणि म्हणाली, "भांडू नका कोणाशी."

१२ नोव्हेंबर

काम असं आहे. उंदराला आधी गाढ झोपवतात. पुढचं सेगावाबाई स्वतः करतात, दुसऱ्यावर ढकलत नाहीत. मग मेंदू माझ्या हातात येतो, मोठ्या शेंगदाण्याएवढा, बर्फगार साखरपाण्यात. तो गोंदानं चकतीवर बसवायचा, थरथरत्या पात्याखाली न्यायचा आणि पाव कापतात तसे पुढून मागे काप घ्यायचे. एक काप मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. यंत्र कापतं खरं, पण बसवायचं कसं ते हातावर आहे. जरा दाबला गेला की पेशी मेल्या. आणि काप तर जिवंत हवा. सेगावाबाई काचेच्या सुया पेशींना लावून त्यांचं बोलणं टिपतात.

पहिल्या दिवशी आठातले सहा काप वाया गेले. आज आठातले सात चांगले निघाले. सेगावाबाईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि म्हणाल्या, "हं."

घरी सांगितलं. सुमिए म्हणाली, "हं म्हणजे चांगलं की वाईट?"

ते अजून कळलेलं नाही.

१८ नोव्हेंबर

वर्षभरात प्रयोगांत गेलेल्या प्राण्यांसाठी आज विद्यापीठामागच्या शिळेसमोर सगळ्यांनी फुलं वाहिली. सेगावाबाई हात जोडून सगळ्यांत जास्त वेळ उभ्या राहिल्या. छत्तीस वर्षांच्या आहेत, पण तेव्हा शाळकरी मुलीसारख्या दिसल्या.

परत येताना पाऊस होता. एकाच छत्रीत होतो, म्हणून विचारलं, "तुम्ही नेमकं शोधताय काय?"

त्या चालता चालता सांगत राहिल्या. नाकातला वास आधी मेंदूच्या टोकावरच्या एका गोळीत जातो. तिथून धाग्यांचा पेड निघतो आणि एका पातळ थरावर पसरतो. डोळ्याला जे शेजारी शेजारी दिसतं, ते मेंदूतही शेजारी शेजारीच बसतं. वासाला असा नकाशाच नाही. एका वासानं जाग्या होणाऱ्या पेशी थरभर विखुरलेल्या असतात.

"मग त्यांना एकमेकींचं कळतं कसं?"

"तेच शोधतेय. मला वाटतं त्या आपापसात थेट जोडलेल्या आहेत. लांबलांबच्यासुद्धा. सोयाबीन शिजल्याचं तुम्हाला कशावरून कळायचं?"

"वासावरून. कच्चट जाऊन गोडूस येतो."

"आणि सर्दी झालेली असली तर?"

"तरी कळायचं. जरासा आला तरी पुरे."

"बघा. जरासा आला की त्याच पेशी बाकीच्यांना उठवतात आणि वास पुरा करतात. निदान माझं तसं म्हणणं आहे."

तीन वर्षांत त्यांनी दोनशे अठ्ठावन्न जोड्या तपासल्या. जोड सापडला फक्त एकीत, आणि त्या दोन पेशीही अगदी खेटून होत्या. मार्चअखेर ओतोवा सर निवृत्त होणार, मग प्रयोगशाळा बंद आणि यांची नेमणूकही संपली.

"मग पुढे?"

"तोयामाला मामाचं औषधांचं दुकान आहे. तो कधीचा बोलावतोय."

इतक्या सहज म्हणाल्या. दुकान बंद करताना मीही लोकांना असंच सहज सांगत होतो.

२ डिसेंबर

प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक फोटो आहे. वासाच्या थरातली एक पेशी, तिचे धागे रंग भरून काळे केलेले. महिनाभर रोज त्याच्यासमोर डबा खातोय आणि आज नीट पाहिला. धागे खोल जात नाहीत. वरच्या वर, थराच्या अंगानं पसरतात, आडवे, लांबच लांब.

आणि मी कापतो उभा.

दिवसभर हेच डोक्यात. मोठ्या कढईत सोयाबीनचं दूध मंद तापत ठेवलं की वर साय धरते. ती आम्ही कधी कापत नाही. एका कडेनं काडी सारून अख्खी उचलतो. उभी सुरी घातली तर हाती चिंध्या येतील. सेगावाबाई तीन वर्षं चिंध्यांमध्ये धागे शोधताहेत की काय?

पण त्यांनी विद्यापीठात बारा वर्षं घालवली आहेत, आणि मी टोफूवाला. हे त्यांना सुचलं नसेल असं होईल का? काहीतरी कारण असणार. विचारलं नाही.

५ डिसेंबर

आजही विचारलं नाही.

११ डिसेंबर

मेंदूचे आधी मधोमध दोन भाग होतात आणि एकाच बाजूचे काप वापरले जातात. दुसरी बाजू टाकून देतात. चार दिवसांपासून ती टाकाऊ बाजू मी आधी स्वतःसाठी वापरतो. कुशीवर निजवायची, वासाचा थर वर येईल अशी, आणि वरून एकच आडवा काप घ्यायचा. कुणाला सांगितलेलं नाही. चोरी म्हणावी तर टाकाऊ माल आहे, पण दाराकडे लक्ष ठेवूनच कापतो.

जमत नाही. थर सपाट नाही, बाहेरून फुगलेला आहे. पातं मधे खोल घुसतं आणि कडांना हवेत फिरतं.

घरी घट्ट टोफूचे शेंगदाण्याएवढे तुकडे कोरले आणि जेवणाच्या टेबलावर सराव सुरू केला. सुमिए समोर बसून बघत होती.

"हे काय चाललंय?"

"मेंदू."

"बरं. मग मेंदूवर जरा आलं आणि सोया सॉस घालते." आणि तिनं सकाळपासूनचे सगळे मेंदू वाडग्यात घातले आणि खाल्ले. दोन मी खाल्ले.

१६ डिसेंबर

जमलं. आधी खालच्या अंगाला तिरकी पाचर छाटायची, म्हणजे फुगवटा बरोबर पात्यासमोर येतो. मग एकच काप. पातळ, अखंड, कडेपर्यंत. पाण्यात सोडला तर सायीसारखा तरंगला. मी त्याच्याकडे बघत बराच वेळ उभा होतो. मग नियमाप्रमाणे टाकून दिला.

१९ डिसेंबर

पकडलो गेलो.

सेगावाबाई विसरलेली पेन्सिल घ्यायला परत आल्या, तेव्हा मी आडव्या कापावर वाकलेलो. त्यांनी वाटी उचलली, उजेडाकडे धरली.

"हे कधीपासून?"

"दहा-बारा दिवस. टाकाऊ बाजू होती. चूक झाली."

"कोन किती?"

"काय?"

"पाचरीचा कोन. अंशांत."

"मी... अंदाजानं. हाताला लागतं तसं."

"अंदाजानं," त्या म्हणाल्या आणि वाटी घेऊन तशाच निघून गेल्या. पेन्सिल तिथंच राहिली.

सुमिएला सांगितलं की बहुतेक नोकरी गेली. ती म्हणाली, "ओरडल्या का?"

"नाही."

"मग?"

"ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं."

२० डिसेंबर

काढलं नाही. उलट कोनमापक हातात दिला. आता प्रत्येक काप मोजून निळ्या वहीत लिहायचा, पाचर किती, मेंदू किती कलता. तीनदा विचारलं, "नक्की सत्तावीस अंश?" विश्वास दिसत नाही.

पण आजपासून एक बाजू जुन्या पद्धतीनं आणि एक माझ्या. एका उंदरामागे आडवा काप एकच मिळतो. तो बिघडला की त्या दिवशी त्यांच्या हाती नवं काही नाही. हे त्या बोलल्या नाहीत. मीच ओळखलं.

८ जानेवारी

उत्तर आलं. दुपारी सेगावाबाई धावत आल्या. धावताना त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. एका पेशीला विजेचा ठोका दिला आणि अर्धा मिलिमीटर लांबच्या पेशीनं उत्तर दिलं. पेशींच्या मानानं म्हणजे पार शेजारच्या गावाहून. ओतोवा सरांनी स्वतः जाऊन स्ट्रॉबेरीचा केक आणला. मला कोपऱ्याचा मोठा तुकडा दिला.

सुमिएसाठी अर्धा कागदात गुंडाळून आणला.

९ जानेवारी

खोटं निघालं.

उत्तर फारच लगेच येत होतं. खऱ्या जोडातून यायला थोडा वेळ लागतो, सेकंदाच्या एखाददुसऱ्या हजाराव्या हिश्श्याएवढा. इथे तेवढाही नाही. म्हणजे पेशी बोललीच नाही, एका सुईतली वीज दुसरीत झिरपली. सेगावाबाईंनी हे स्वतःच शोधून काढलं आणि स्वतःच सरांना जाऊन सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. गप्प राहिल्या असत्या तर महिनाभर कुणाला कळलं नसतं.

मग माझ्यासमोर येऊन वाकून म्हणाल्या, "तुम्हाला उगाच केक खायला लावला."

मी म्हणालो, "केक खरा होता."

त्या हसल्या. पहिल्यांदा.

२१ जानेवारी

बर्फ गुडघाभर. बर्फाच्या भारानं मोडू नयेत म्हणून पाइनच्या फांद्यांना बांधलेले दोर सगळे पांढरे. बस बंद, म्हणून चालत गेलो. सेगावाबाईही चालत आल्या होत्या. दोन काप चांगले, जोड नाही.

या पंधरवड्यात एकोणतीस जोड्या, जोड एकही नाही. माझ्यामुळे त्यांचे उरलेले दिवस फुकट चाललेत. मी मधे नाक खुपसलं नसतं तर जुन्या पद्धतीनं एखादी शेजारची तरी सापडली असती. राजीनामा द्यावा असं मनात येतं. पत्र लिहायला घेतलं. सुमिएनं पाहिलं.

"टोफू पहिल्यांदा थिजला नव्हता तेव्हा माझ्या सासऱ्यांना असंच पत्र लिहिलं होतंत का?"

"तेव्हा घरचंच दुकान होतं. पत्र कुणाला लिहिणार?"

"तेच म्हणतेय," ती म्हणाली आणि झाडू घेऊन बर्फ काढायला गेली. मागोमाग मला जावंच लागलं. पत्र खणात ठेवलं. फाडलेलं नाही.

३ फेब्रुवारी

आज घरोघरी भाजलेले सोयाबीन फेकून भुतं पळवायचा दिवस. सरांच्या दालनातही दाणे पडलेले. मला दाणे तुडवणं बघवत नाही, म्हणून वेचत होतो. तेवढ्यात प्रयोगशाळेतून सरांना आणि मला हाक आली. धावपळ नाही, नुसती हाक.

पडद्यावर दोन रेषा. सेगावाबाई म्हणाल्या, "उशीर बघा." वरच्या रेषेत काटा उभा राहिला, आणि जरा थांबून खालच्या रेषेत छोटासा उंचवटा. मग त्यांनी पेशींमधला निरोप अडवणारं औषध पाण्यात सोडलं. काटा तसाच आला, उंचवटा गेला. वीज झिरपत असती तर तो गेला नसता. मग औषध धुऊन काढलं. वीस मिनिटं आम्ही तिघं पडद्याकडे बघत होतो. सर खिशातून सोयाबीन काढून खात होते, तेवढाच आवाज.

उंचवटा परत आला.

केक कुणी आणला नाही. सर म्हणाले, "अजून दहा दाखवा." पण म्हणताना त्यांचा चष्मा हातात होता आणि ते तो पुसत होते.

२४ फेब्रुवारी

दहा नव्हे, चौदा. पाचरीत दोन अंश वाढवले तेव्हापासून रांगच लागली. त्र्याण्णव आडव्या जोड्यांत चौदा जोड, आणि त्यातले सहा तर मिलिमीटरहून जास्त लांबचे. त्याच उंदरांच्या दुसऱ्या बाजूला, उभ्या कापांत, एकही नाही. सेगावाबाई जेवायचं विसरतात. सुमिए आता दोन डबे देते. दुसऱ्यात कमळकाकडी जास्त, ती त्यांना आवडते.

आज मात्र एक विचित्र गोष्ट झाली. सेगावाबाई कागद घेऊन आल्या आणि विचारलं, "होझुमीसान, तुमचं नाव कियोहारूच ना? कोणत्या अक्षरांनी लिहिता? आणि इंग्रजीत?"

मी लिहून दिलं. "कशासाठी?"

"लागतं. मार्चच्या आत." आणि घाईनं निघून गेल्या.

प्रयोगशाळा बंद होते आहे. सेवा संपल्याचा दाखला द्यायचा असणार. त्यात नाव चुकू नये म्हणून विचारलं, बाई नीटनेटक्या आहेत.

२ मार्च

सरांनी शुक्रवारी दहाला बोलावलंय. सेगावाबाईही असणार म्हणे. सुमिएनं सूट उन्हात टाकला. मी खणातलं पत्र काढून वाचलं. जानेवारीचं आहे, पण तारीख बदलली की चालेल. काढून टाकायची वेळ सरांवर येण्याआधी आपणच गेलेलं बरं. चार महिने फार चांगले गेले. वाईट वाटायचं कारण नाही. असं लिहितोय खरं.

६ मार्च

हे आजच लिहून ठेवायला हवं, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

दालनात गेलो आणि ते काही बोलायच्या आत दोन्ही हातांनी पाकीट पुढे केलं. सरांनी वाचलं आणि सेगावाबाईंकडे दिलं. त्यांनी वाचलं. मग त्यांनी माझ्यासमोर एक छापील कागद ठेवला. सगळा इंग्रजीत. मला इंग्रजी येत नाही.

"आपला शोधनिबंध. पहिलं पान. वरची नावं बघा," त्या म्हणाल्या.

नावं तीन होती. पहिलं त्यांचं असणार. शेवटचं सरांचं, ते त्यांच्या दारावरच्या पाटीमुळे ओळखलं. मधलं वाचायला मला वेळ लागला. मीच लिहून दिलेली अक्षरं होती.

"हे चुकून झालंय," मी म्हणालो. "मी फक्त कापलं."

सेगावाबाई म्हणाल्या, "तीन वर्षं मी उभं कापून घेतलं. माझ्या आधी सगळ्यांनी तसंच घेतलं, म्हणून मीही. फोटो माझ्याही समोर होता. बघितलात तुम्ही."

"पण तेव्हा तुम्ही रागावला होतात. वाटी घेऊन गेलात."

"रागावले नव्हते. जिन्यात जाऊन रडले. तीन वर्षं गेली म्हणून, आणि काप इतका सुंदर होता म्हणून. कोणत्या कारणानं जास्त, ते नाही सांगता येणार."

सर खिडकीकडे बघत होते. ते म्हणाले, "होझुमीसान, माझ्या निवृत्तीनंतर सेगावा खालच्या मजल्यावर जाते आहे. पाच वर्षांसाठी. तिथल्या प्राध्यापकांनी हे आकडे पाहिले आणि दुसऱ्या दिवशी होकार कळवला. त्यांची एकच अट आहे."

"काय?"

"काप करणारे गृहस्थ बरोबर हवेत."

सेगावाबाईंनी माझं पत्र पाकिटात घातलं आणि मला परत दिलं. "तारीखसुद्धा खोडून घातलीय," त्या म्हणाल्या. "कामाच्या वहीत असं चालणार नाही."

घरी येऊन सुमिएला कागद दाखवला. तिनं माझं नाव बोटानं शोधलं, मग हात पुसून पुन्हा शोधलं. मग म्हणाली, "हे मुलींना पाठवायचं. आणि त्या पोस्टाजवळच्या हामामुराबाईंना दाखवायचं. त्या म्हणाल्या होत्या, टोफूवाल्याला विद्यापीठात झाडू मारायला ठेवलंय."

२७ मार्च

उद्या यंत्रं खाली हलवायची. आज वरच्या मजल्यावरचा शेवटचा काप केला, एकोणतीस अंश. सेगावाबाईंनी दोन पेशींना सुया लावल्या आणि स्वतः उठल्या.

"होझुमीसान, बसा. आज कळ तुम्ही दाबायची."

इतके काप केले, पण त्या खुर्चीवर कधी बसलो नव्हतो. डावीकडची पेशी आणि उजवीकडची, मधे मिलिमीटरभर अंतर. कळ दाबली. वरच्या रेषेत काटा आला. खालची रेष तशीच पडून राहिली. बिघडवलं वाटतं, असं म्हणून हात मागे घेतला.

"परत दाबा. दर वेळी उत्तर देत नाही ती. लहर असते तिची."

परत दाबली. तेव्हा खालची रेष उचलली गेली. छोटीशीच, पण उचलली गेली. पुढच्या वेळी मोठी. मग दोनदा काही नाही. मग पुन्हा. थांबावंसं वाटेना. मागे सर येऊन उभे होते, कोट घालून, निरोपाच्या जेवणाला निघालेले. पंधरा वर्षांत ते या खुर्चीवर बसले नव्हते म्हणे. म्हणाले, "मला एकदा देता का?" मी उठलो. त्यांनी एकदा म्हणून वीसदा दाबली. मग सेगावाबाईंनी. मग परत मी. जेवण त्यांच्यावाचून सुरू झालं असणार.

घरी आलो तेव्हा अजून उजेड होता. सुमिए अंगणात पाइनचे दोर सोडत होती. हिवाळा संपला. तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे नक्की झालं काय?"

"एका पेशीनं हाक मारली, लांबच्या दुसरीनं ओ दिली."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं दोराची गुंडाळी केली. "दर वेळी दिली?"

"नाही. मी साठ हाका मारल्या, बावीस वेळा दिली. मोजलंय."

"बरीच गुणी आहे की," ती म्हणाली. "तुम्ही दहातून एकदा देता."

वर येऊन लिहायला बसलो. आता खालून जेवायला बोलावते आहे. ही तिसरी हाक. जातो.